वेदीजवळचा माइक

नोव्हेंबरची पहिली तारीख बेळगावात तीन प्रकारे पाळली जाते. एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाचे लाल-पिवळे झेंडे आणि चित्ररथ, दुसरीकडे महाराष्ट्र एकीकरण समितीची काळ्या दिनाची फेरी, आणि कॅथलिक चर्चमध्ये सर्व संतांचा सण. दुसऱ्या दिवशी मृतांचे स्मरण. कबरी धुतल्या जातात, फुले वाहिली जातात, मेणबत्त्या लागतात. कबरींवरची नावे मराठी, कन्नड, कोंकणी, तमिळ. या शहरात धर्म आणि सत्ता यांवर बोलायचे तर पुस्तकी सिद्धान्त पुरत नाहीत. इथे दुकानाच्या पाटीवरच्या अक्षरांनाही राजकारण चिकटलेले आहे, मग उपासनेची भाषा त्यातून कशी सुटेल?

२०११च्या जनगणनेत कर्नाटकात ख्रिस्ती लोक १.८७ टक्के होते. बेळगाव जिल्ह्यात ते एक टक्काही नाहीत. जिल्ह्यात विधानसभेचे अठरा मतदारसंघ, आणि निव्वळ ख्रिस्ती मतांवर त्यांपैकी एकातही कोणी निवडून येत नाही. त्यामुळे 'ख्रिस्ती श्रद्धा आणि सत्तेचा मोह' असा विषय निघाला की आपली मंडळी लगेच अमेरिकेकडे नाहीतर युरोपच्या इतिहासाकडे बोट दाखवतात. आपल्याकडे सत्ता आहेच कुठे, मग मोह कसला? हे उत्तर मला पटत नाही. लहान समाजापुढे कोणी सिंहासन ठेवत नाही, त्याच्या डोक्यावर छत्री धरली जाते. आणि छत्री ज्याच्या हातात, त्याच्याच पावलाने चालावे लागते.

शुभवर्तमानात या मोहाची गोष्ट एकदा येऊन संपत नाही. रानातल्या परीक्षेत सैतान सगळी राज्ये दाखवतो. लूकच्या चौथ्या अध्यायात तर तो हा अधिकार आपल्याला दिलेला आहे आणि आपण तो हव्या त्याला देतो, असे सांगतो. म्हणजे देणारा स्वतःला मालक म्हणवतो आणि बदल्यात एकच नमस्कार मागतो. योहानाच्या सहाव्या अध्यायातला प्रसंग आपल्या अधिक जवळचा आहे. जवाच्या पाच भाकरी आणि दोन मासळ्या, पाच हजार पुरुष जेवले, आणि जेवून उठलेल्या गर्दीने येशूला बळजबरीने राजा करायचे ठरवले. तो एकटाच डोंगरावर निघून गेला. भाकर देणे त्याने नाकारले नाही, भाकरीच्या बदल्यात मिळणारा मुकुट तेवढा नाकारला. मार्कच्या दहाव्या अध्यायात याकोब आणि योहान उजव्या-डाव्या हाताच्या जागा मागतात. मत्तय हीच मागणी त्यांच्या आईच्या तोंडी घालतो. शिफारशीला घरातले वडीलधारे पुढे करण्याची रीत काही आपल्याकडेच निघालेली नाही.

हा मोह आपल्या चर्चच्या आवारात कसा शिरतो, ते टप्प्याटप्प्याने पाहण्यासारखे आहे. सुरुवात नाताळला होते. उपासना संपता संपता घोषणा होते, 'आज आपल्यामध्ये सन्माननीय अमुकसाहेब उपस्थित आहेत.' शाल, हार, केक, फोटो. साहेब दोन शब्द बोलतात, ते दोनाचे दोनशे होतात. मग कोणीतरी दफनभूमीच्या कंपाउंडची अडचण काढतो, साहेब तिथल्या तिथे आश्वासन देतात, टाळ्या पडतात. पुढच्या वर्षी चर्चच्या समितीतल्या एका तरुणाला पक्षाच्या अल्पसंख्याक आघाडीत पद मिळते. त्यानंतर निवडणूक येते आणि त्याच तरुणाकडे चर्चची कुटुंब-नोंदवही मागितली जाते. कोणत्या गल्लीत किती घरे, किती मते, मोबाइल क्रमांक काय. बाप्तिस्मा, लग्न आणि मर्तिकासाठी ठेवलेली वही मतदारयादी होऊन बसते. शेवटचा टप्पा कोणाच्या लक्षातही येत नाही, तो म्हणजे गप्प बसणे. साहेबांच्या माणसांनी दुसऱ्या कुणाच्या जमिनीवर कुंपण घातले, दुसऱ्या धर्माच्या दुकानदारांवर बहिष्काराची पत्रके वाटली, तरी व्यासपीठावरून त्यावर शब्द निघत नाही. तसे गप्प बसा म्हणून कोणी सांगितलेलेही नसते.

'समुदाय भवन' हा यातला सगळ्यात गोड घास. खासदार निधीच्या नियमांनुसार प्रार्थनास्थळात किंवा धार्मिक संस्थेच्या मालकीच्या जागेवर काम करता येत नाही. म्हणून मोर्चा आमदार निधीकडे वळतो. कर्नाटकात तो एका आमदाराला वर्षाला २ कोटी रुपये, आणि सगळ्या मतदारसंघासाठी. त्यातला लहानसा तुकडा मिळायचा तरी जागेचा उतारा, अंदाजपत्रक, जिल्हाधिकाऱ्यांकडची मंजुरी, सरकारी यंत्रणेकडून काम, हप्त्याहप्त्याने पैसे आणि शेवटी विनियोगाचा दाखला एवढे सोपस्कार असतात. बिघडते ते इथेच. जागेचा उतारा जुन्या मिशनच्या नावावर असतो, वारसा नोंद झालेली नसते, आणि 'साहेब बघून घेतील' म्हणून ती बाब तशीच पुढे ढकलली जाते. खांब उभे राहतात, स्लॅब पडतो आणि आचारसंहिता लागते. पुढचा हप्ता निकालावर लोंबकळतो. पाच वर्षे अर्धवट उभी असलेली इमारत समाजाला रोज आठवण करून देते की मत कोणाला द्यायचे आहे. सरकारी अनुदान घेणे पाप नाही. कराच्या पैशात आपलाही वाटा आहे. मात्र ते अर्जाने, खात्यामार्फत, उतारा आधी दुरुस्त करून घ्यावे, आणि कोनशिलेवर दात्याच्या जागी साहेबांचे नाव कोरू नये. पैसा त्यांच्या खिशातला नसतो.

कायद्यानेही या व्यवहाराला पुष्कळ कुंपणे घातली आहेत, फक्त ती कोणी वाचत नाही. आदर्श आचारसंहिता मंदिर, मशीद, चर्च यांचा प्रचारासाठी वापर करू देत नाही. १९८८चा धार्मिक संस्थांच्या गैरवापराला प्रतिबंध करणारा कायदा याच्या पुढे जातो. संस्थेची जागा राजकीय कामाला वापरू दिल्यास व्यवस्थापकाला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. व्यवस्थापक म्हणजे बहुतेक वेळा आपला पाळक किंवा फादर. साहेब दोन शब्द बोलून गाडीत बसतात, आवार त्यांच्या नावावर नसते. लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १२३(३) धर्म, जात, भाषा यांच्या नावाने मत मागणे हे निवडणुकीतले भ्रष्ट आचरण मानते. जानेवारी २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी चार विरुद्ध तीन मतांनी सांगितले की यात उमेदवाराच्या धर्माबरोबर मतदाराचा धर्मही येतो. सीमाभागात या कलमातल्या 'भाषा' या शब्दावरही जरा थांबायला हवे, पण तो वेगळा लेख होईल. परदेशी देणगीच्या कायद्याखाली नोंदणी असलेल्या संस्थांनी तर दुप्पट सावध राहावे. दर पाच वर्षांनी नूतनीकरण, दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेत खाते, प्रशासकीय खर्चाला वीस टक्क्यांची मर्यादा. इतक्या काटेकोर हिशेबात एखादे प्रचारपत्रक संस्थेच्या खर्चाने छापले गेले, तर शाळा, वसतिगृह आणि दवाखाना तिन्ही अडचणीत येतील. कॅथलिक चर्चचा स्वतःचा धर्मसंहिता-नियम २८७ धर्मगुरूला राजकीय पक्षात सक्रिय भाग घ्यायला मनाई करतो, वरिष्ठांनी खास कारणाने मुभा दिली तरच. म्हणजे बाहेरचा कायदा आणि घरचा कायदा एकच सांगतात.

आता सगळ्यात दुखऱ्या जागेकडे येऊ. २३ डिसेंबर २०२१ रोजी, नाताळला दोन दिवस असताना, धर्मांतरविरोधी विधेयक विधानसभेत मंजूर झाले, तेही बेळगावच्या सुवर्णसौधात, म्हणजे इथल्या विधिमंडळाच्या इमारतीत. मे २०२२मध्ये अध्यादेश, सप्टेंबरमध्ये कायदा. त्यातली यंत्रणा अशी: धर्म बदलणाऱ्याने तीस दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्याला कळवायचे, विधी करणाऱ्यानेही कळवायचे, मग हरकतींसाठी ती माहिती कार्यालयाच्या फलकावर लागणार, आणि धर्मांतरानंतर तीस दिवसांत पुन्हा घोषणापत्र. तक्रार करण्याचा हक्क आईवडील-भावंडांपासून सहकाऱ्यापर्यंत. शिक्षा तीन ते पाच वर्षे, व्यक्ती स्त्री, अल्पवयीन किंवा अनुसूचित जाती-जमातीची असेल तर दहा वर्षांपर्यंत. गुन्हा अजामीनपात्र, आणि आपण निर्दोष आहोत हे आरोपीनेच सिद्ध करायचे. 'आमिष' या शब्दाच्या व्याख्येत धार्मिक संस्थेच्या शाळेतले मोफत शिक्षणही घातले आहे. गरिबाच्या मुलीची फी माफ करणाऱ्या मुख्याध्यापिकेच्या मानेवर ही टांगती तलवार आहे, हे स्पष्ट म्हटले पाहिजे.

सत्तापालट झाला आणि जून २०२३मध्ये नव्या मंत्रिमंडळाने हा कायदा रद्द करण्याचा निर्णय घेतला. मंत्रिमंडळाचा निर्णय म्हणजे कायद्याचे विसर्जन नव्हे. त्यासाठी विधेयक दोन्ही सभागृहांतून जावे लागते. पण आपल्या वर्तुळात निर्णयाची बातमीच देणगी म्हणून स्वीकारली जाते. इथे रक्षकाचे गणित ओळखायला हवे. ज्याला आपली मते आपल्या भीतीमुळे मिळतात, त्याला ती भीती पुरती संपवण्यात रस नसतो. संपली तर पुढच्या वेळी विकायचे काय? भीती घालणारा आणि भीतीपासून राखणारा, दोघांचेही दुकान एकाच मालावर चालते. यात कोणत्याही एका पक्षाला वेगळे काढण्याचे कारण नाही.

हे बेळगावच्या मराठी माणसाला वेगळे समजावून सांगावे लागू नये. १९५६ची राज्य पुनर्रचना, बेळगाव महाराष्ट्राला देऊ नये म्हणणारा १९६७चा महाजन अहवाल, २००४पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला महाराष्ट्राचा दावा. इतकी वर्षे एका खऱ्या गाऱ्हाण्यावर किती जणांनी आपापल्या चुली पेटवल्या, ते सीमाभागाने पाहिले आहे. २०१३मध्ये एकीकरण समितीचे दोन आमदार होते, २०१८ आणि २०२३मध्ये एकही नाही, तरी निवडणुकीच्या तोंडावर दोन्ही बाजूंना प्रश्न कसा नेमका आठवतो! गाऱ्हाणे खरे असणे आणि गाऱ्हाण्याचा दलाल खरा असणे, या दोन वेगळ्या गोष्टी. मराठी ख्रिस्ती माणूस तर दुहेरी अल्पसंख्य. भाषेने कर्नाटकात, धर्माने सगळीकडे. राज्यघटनेचे कलम ३० या दोन्ही अल्पसंख्याकांना एकाच वाक्यात आपल्या शाळा चालवण्याचा हक्क देते. मराठी शाळा वाचवू पाहणाऱ्याचा आणि मिशन शाळा वाचवू पाहणाऱ्याचा कायदेशीर आधार अक्षरशः एकच आहे. तरी या दोघांनी एका टेबलावर बसल्याचे दृश्य दुर्मीळ. दोघेही आपापल्या साहेबांच्या दारात वेगवेगळ्या वेळी उभे असतात.

'हे सगळे ठीक आहे,' असे कोणी म्हणेल, 'पण रविवारी घरगुती प्रार्थनेवर जमाव चालून आला तर फोन कोणाला लावायचा? तत्त्वज्ञानाला?' हा आक्षेप हलका नाही. भीती खरी आहे, आणि सुरक्षित माणसाने भेदरलेल्याला स्वाभिमानाचे धडे देणे शोभत नाही. म्हणून नेमके बोलू. आधी ११२ला फोन करावा, त्या फोनची वेळ लिहून ठेवावी. मोबाइलवर चित्रण करावे, पण आपल्या बाजूने शिवीगाळ होऊ देऊ नये, कारण पुढे तेच चित्रण उलटते. भारतीय न्याय संहितेचे कलम ३०० कायदेशीर उपासनेत अडथळा आणणे हा गुन्हा ठरवते. तक्रार लेखी, दोन प्रतींत, एकीवर पोच घ्यावी. एफआयआरची प्रत तक्रारदाराला फुकट मिळते. नोंद करायला नकार मिळाला तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४)प्रमाणे तक्रार पोलीस अधीक्षकांना पाठवता येते, त्यानेही काम झाले नाही तर दंडाधिकाऱ्याकडे जाता येते. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत मदत मिळते.

चुकते ते बहुधा ठाण्यातल्या पहिल्या तासात. तक्रार तोंडी दिली जाते. मग एखादा मध्यस्थ येतो, 'मिटवून टाका' म्हणतो, आणि पाळकाकडून हमीपत्रावर सही घेतली जाते की यापुढे या घरात प्रार्थना होणार नाही. गुन्हा ज्यांच्यावर झाला त्यांनीच लिहून दिलेला हा कागद पुढे वर्षानुवर्षे त्यांच्या विरोधात वापरला जातो. असल्या कागदावर सही करू नये, आणि वाचता न येणाऱ्या भाषेतल्या कागदावर तर मुळीच नाही. ठाण्याचा व्यवहार कन्नडमध्ये चालतो, म्हणून प्रत्येक मराठी मंडळीत सरकारी कन्नड नीट वाचणारी दोन माणसे तयार असावीत. आमदाराला फोन करू नका असे मी म्हणत नाही, तो आपलाही लोकप्रतिनिधी आहे. फक्त तो एफआयआरच्या जागी लावला जातो तेव्हा घोटाळा होतो. फोनने जमाव त्या दिवसापुरता पांगतो. नोंद झालेला गुन्हा न्यायालयापर्यंत जातो आणि पुढच्या घरालाही उपयोगी पडतो. हक्क म्हणून जे मिळते ते परत मागता येते, उपकाराचे तसे नसते.

इतिहासातून एक उदाहरण सविस्तर घेण्यासारखे आहे, कारण त्यात बेळगाव ज्या प्रांतात होते त्याचीच गोष्ट आहे. १९३५च्या कायद्याने मुंबई प्रांताच्या १७५ सदस्यांच्या विधानसभेत भारतीय ख्रिस्ती लोकांना तीन जागा दिल्या, आणि त्याही स्वतंत्र मतदारसंघाच्या. ख्रिस्ती मतदार, ख्रिस्ती उमेदवार. गोलमेज परिषदेत ख्रिस्ती प्रतिनिधींपैकी के. टी. पॉल यांनी स्वतंत्र मतदारसंघांना विरोध केला होता; पन्नीरसेल्वम यांना ते हवे होते. समाजात तेव्हाही दोन मते होती. पुढे घटना समितीत अल्पसंख्याकांसाठी राखीव जागांचा प्रस्ताव आला. घटना समितीचे उपाध्यक्ष हरेंद्र कुमार मुखर्जी स्वतः ख्रिस्ती होते, आणि मे १९४९मध्ये धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागा सोडून देण्याचा ठराव त्यांनीच मांडला. मुखर्जी भोळे होते, असे आज कोणी म्हणू शकेल. पण ज्या ख्रिस्ती नागरिकाला संविधानात धर्माचे, उपासनेचे, प्रचाराचे आणि शाळेचे स्वातंत्र्य सगळ्यांच्या बरोबरीने मिळाले, त्याला तीन जागांचा तुकडा कशाला लागतो? आणि त्या तीन आमदारांनी प्रांताच्या दारूबंदीवर, कुळकायद्यावर बोलायचे की फक्त मिशनच्या अनुदानावर? तुकडा घेतला की बोलणेही तेवढ्याच तुकड्यापुरते राहते.

एक अन्याय मात्र तेव्हापासून तसाच आहे. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला, १९५६मध्ये शिखांना आणि १९९०मध्ये बौद्धांना तो मिळाला, दलित ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेर राहिले. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७मध्ये ही अट काढायला सांगितले. ऑक्टोबर २०२२मध्ये न्या. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आणखी एक आयोग नेमला गेला. या प्रश्नावर चर्चने राजकीय व्हावे, मोठ्याने व्हावे. पण चर्चच्या समित्यांत दलित ख्रिस्ती कुठे बसतात? वेगळ्या बाकांचा आणि वेगळ्या दफनभूमीचा इतिहास भारतातल्या बऱ्याच चर्चांना आहे. जातीची उतरंड घरात ठेवून दिल्लीला निवेदन पाठवले, तर त्या निवेदनाला वजन येत नाही. सत्तेचा मोह नेहमी बाहेरून शाल घेऊनच येतो असे नाही. समितीच्या निवडणुकीत गट पाडणे, मालमत्तेवरून वर्षानुवर्षे कोर्टात जाणे, मराठी उपासनेची सकाळची सोयीची वेळ कन्नड मंडळीला द्यायची की नाही यावर मतांची जुळवाजुळव करणे, हे सगळे त्याच घराण्यातले. घरात सराव झालेला असतो म्हणून बाहेरचा दलाल लगेच ओळखीचा वाटतो.

ईस्ट इंडिया कंपनीने १८१८मध्ये बेळगावचा किल्ला घेतला आणि दोनच वर्षांत, १८२०मध्ये, लंडन मिशनरी सोसायटीचे काम इथे सुरू झाले. तोफा आणि धर्मग्रंथ पाठोपाठ आले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याआधी, १८१३च्या सनदी कायद्यापर्यंत, धंद्याला धक्का नको म्हणून कंपनी मिशनऱ्यांना दूर ठेवत होती, हेही तितकेच खरे. सत्तेला सोय होती तेव्हा दार उघडले, गैरसोय होती तेव्हा लावले. शेजारच्या गोव्यात पोर्तुगीज राजाच्या हातात बिशप नेमण्याचा अधिकार होता आणि १५६०पासून १८१२पर्यंत, मधली थोडी वर्षे सोडता, इन्क्विझिशन, म्हणजे श्रद्धेतली खोट शोधून शिक्षा देणारे धर्मन्यायालय होते. त्याचा जाच नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्यांनाच अधिक झाला. सत्तेच्या मांडीवर बसलेले चर्च आधी आपल्याच लेकरांचा कान पिळते.

मराठी ख्रिस्ती परंपरेत याच्या उलट जाणारी माणसे झाली, त्यांची उजळणी आपण कमी करतो. पंडिता रमाबाईंनी १८८३मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला आणि लगेच तिथल्या धर्माधिकाऱ्यांशी वाद घातला, की एक जोखड उतरवून दुसरे मानेवर घ्यायला त्या तयार नाहीत. १८८९च्या मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनात त्या प्रतिनिधी म्हणून गेल्या. म्हणजे राजकारण त्यांना वर्ज्य नव्हते, मिंधेपण वर्ज्य होते. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७मध्ये मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' उभारला. दरबार हा शब्द त्यांनी मुद्दाम निवडला असावा. दुसऱ्या कुठल्या दरबारात मुजरा करायचा नाही, असेच ते नाव सांगते.

तेव्हा करायचे काय? चर्चचा कारभार पाहणाऱ्या प्रत्येक पॅस्टोरेट कमिटीने, पॅरिश कौन्सिलने निवडणुकीच्या बऱ्याच आधी, डोके थंड असताना, एक पानाचा ठराव करावा. नाताळला कोणीही नेता आला तर बसायला जागा, केकचा तुकडा आणि नमस्कार. सत्कार नाही, भाषण नाही, मग तो कोणत्याही पक्षाचा किंवा एकीकरण समितीचा असो. कमिटीतल्या कोणाला निवडणूक लढवायची असेल तर त्याने जरूर लढवावी, ख्रिस्ती माणसे पंचायतीत आणि महापालिकेत हवीतच. पण कमिटीचा राजीनामा सहा महिने आधी द्यावा. कुटुंब-नोंदवही कपाटाबाहेर जाणार नाही. मागण्यांचा कागद एकच असावा. दफनभूमी, शिष्यवृत्ती, धर्मांतरविरोधी कायदा, दलित ख्रिस्तींचा दर्जा, मराठीत सरकारी परिपत्रके हे सगळे त्यात यावे, आणि तो सगळ्या उमेदवारांना एकाच दिवशी, मराठीत आणि कन्नडमध्ये द्यावा. उत्तरे चर्चच्या दाराबाहेरच्या फलकावर लावावीत. मत कोणाला द्यायचे, ते लोक ठरवतील. शेजारच्या मशिदीवर, मठावर किंवा वस्तीवर अन्याय झाला तर कमिटी निषेधाचे पत्र काढील, हेही ठरावात आधीच लिहून ठेवावे. ऐन वेळी तसे पत्र काढायला कोणाचीच जीभ वळत नाही.

या ठरावाची एक प्रत वेदीजवळच्या कपाटाची किल्ली आणि माइकचा स्विच सांभाळणाऱ्या माणसाकडे द्यावी. 'साहेब घाईत आहेत, फक्त दोन मिनिटे' म्हणत कार्यकर्ते पाळकाकडे जात नाहीत, ते आधी त्याच्याकडेच जातात.